नकाशावरचं बिननावाचं टिंब

मित्रांनो, मी नकाशा आहे. जुना आहे, पण तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा घडीवर फाटणारा नाही. चांगला लाकडी, भिंतभर आहे. टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्या सांगणाऱ्या ताईच्या पाठीमागे जो उभा असायचा, तो मीच. आता मी त्याच टीव्ही केंद्राच्या बोळात भिंतीला टेकून असतो आणि जो तो माझ्यावर छत्री अडकवून आत जातो.

मला घडवलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याने. नदी त्याने एका दमात ओढली, डोंगर मन लावून केले. गावांची नावं लिहिताना मात्र तो गप्पा मारत राहिला, त्यामुळे माझी काही गावं अजून तिरकी उभी आहेत. नदीच्या उतारावरच्या एका वस्तीपाशी आल्यावर त्याच्या गप्पा थांबल्या आणि कुंचलाही थांबला.

त्या वस्तीला दोन नावं. वरच्या आळीचे लोक तिला एक नाव देत, खालच्या आळीचे दुसरं. दोन्ही नावं पणजोबांच्या काळापासूनची, आणि दोन्हीकडची माणसं एरवी साधी, पण नाव निघालं की बाह्या सारणारी. बसथांब्यावरच्या पाटीला तर इतक्यांदा डांबर फासलं गेलं होतं की शेवटी नुसता खांबच उरला.

"नाव लिहू नका. टिंब द्या मोठं," तेव्हाचे साहेब रंगाऱ्याला म्हणाले. "नावं ताई तोंडाने घेतील. दोन्ही."

"आधी कुठलं?"

"आज वरचं, उद्या खालचं. जावा-जावा आळीपाळीने स्वयंपाक करतात, तसं."

ती पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली. वस्तीची बातमी बहुतेक रोजच असे. कधी रस्त्याची, कधी शाळेची, आणि बाकी काही नसलं तर पाण्याची. ताई माझ्याकडे वळायची, टिंबावर बोट ठेवायची आणि दोन्ही नावं स्वच्छ घ्यायची. पाळीचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का. तरी फोन यायचेच. "काल आमचं नाव मागून का घेतलं?" असं कुणी विचारलं, की साहेब म्हणायचे, "परवा पुढे होतं ना? आज परत पुढे येतंय. जेवून घ्या निवांत." लोक माझी तारीफ करायचे. नकाशा कसा भारदस्त, म्हणायचे. तारीफ ऐकायला मला कधीच कंटाळा आला नाही.

ताईला ती वस्ती परकी नव्हती. तिची आत्या तिथे वरच्या आळीच्या शेवटच्या घरात राहायची. खालची आळी जिथे सुरू होते, तिथलं पहिलं घर एका शिंपीकाकांचं. मध्ये एक कुंपण, तेही मोडकं. काका रोज संध्याकाळी बातम्या बघायला आत्याकडे येत. दोघांची पैज ठरलेली: ज्याचं नाव मागून येईल, त्याने चहा करायचा. काका उठताना कुरकुरायचे, "तुमची भाची पक्षपाती आहे." आत्या म्हणायची, "आणि तुमचा चहा पांचट आहे. त्याची बातमी देत नाही, हे उपकार समजा." ताई हे सगळं बातम्यांच्या आधी वेणी सारखी करताकरता सगळ्यांना सांगायची आणि मीही ऐकायचो.

पुढे ते साहेब निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. त्याच सुमाराला ताई तापाने आजारी पडली. बदली म्हणून आलेल्या तरुणाने पाळीबद्दल कुणाला विचारलंच नाही. त्याला वरचं नाव म्हणायला सोपं वाटलं, म्हणून तो रोज तेच आधी घेत राहिला. एका संध्याकाळी खालच्या आळीतली माणसं फाटकाशी जमली. आधी घोषणा, मग दगड. साहेबांच्या नव्या गाडीची काच गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हुकूम काढला. "दोन्ही नावं बंद. 'नदीकाठची एक वस्ती' म्हणायचं. नदीबद्दल अजून कुणाची तक्रार नाही."

बरी होऊन आलेली ताई म्हणाली, "साहेब, नदीकाठी वस्त्या किती आहेत, जरा मागे वळून नकाशात बघा."

"लोकांना आपापलं कळतं हो."

"नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर निदान दगड तरी मारणार नाहीत."

फोन खरोखरच थंडावले. साहेब खूश झाले. ताई मात्र शब्दांनी नाही तर बोटाने तरी सांगायची. वाक्य 'एक वस्ती' म्हणायचं आणि बोट टिंबावर असायचं. साहेबांच्या ते नजरेत आलं की नाही, कोण जाणे. पण लवकरच माझ्या जागी चकचकीत पडदा आला. त्यात निळी नदी वळणं घेत वाहायची, फार देखणी. तिच्या काठी एकही टिंब नव्हतं. मला चौघांनी उचलून बोळात आणून ठेवलं.

आणि मग एका दुपारी खबर आली, की त्या वस्तीच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलंय. बोळातच ताईने साहेबांना गाठलं.

"आज तरी नावं घेऊ द्या. पाण्याचं आहे."

"पाणीखात्याची माणसं घरोघर जाणार आहेत. आपण का मध्ये आग लावायची?"

"आणि नाही गेली तर?"

"ताई, तुम्ही बातम्या वाचा. खातं मी सांभाळतो."

ताई बातमीचा कागद घेऊन आत गेली. आतला आवाज बोळात ऐकू येतो. "नदीकाठच्या एका वस्तीतील टाकीचं पाणी दूषित झालं असून, ते रहिवाशांनी उकळल्याशिवाय पिऊ नये." एकही अक्षर चुकलं नाही.

पाणीखात्याची माणसं वरच्या चार घरांत गेली आणि अंधार पडला म्हणून परतली.

त्यानंतर एके दिवशी आत्या केंद्रात आली. बोळातल्या बाकावर माझ्यासमोर बसली. ताई धावत आली, तर आत्या म्हणाली, "काका गेले गं. सकाळी. इस्पितळात."

ताई तिच्याशेजारी बाकावर बसली.

"आळीत अजून पुष्कळ आजारी आहेत. मला डॉक्टरांनी पोटासाठी उकळलेलं पाणी लावून दिलंय, म्हणून मी अशी धडधाकट."

"आत्या, मी सांगितलं होतं बातमीत. पाणी..."

"ऐकलं की. तू म्हणालीस, एक वस्ती. मला वाटलं, कुठली बिचारी माणसं असतील." आत्याने पदराने चष्मा पुसला. "हल्ली काका येत नसत. नावंच नाहीत तर पैज कसली, आणि पैज नाही तर चहा कसला. आपल्याच घरी बघायचे बातम्या. चहा झाला असता, तर निदान पाणी उकळलं तरी असतं."

ताई उठून आत कामाला गेली, आत्या मात्र बाकावरच बसून राहिली.

त्या संध्याकाळी तिच्या हातातल्या कागदावर 'नदीकाठच्या वस्तीत साथ' एवढंच होतं. ती वाचायला लागली, थांबली, आणि मग तिने दोन्ही नावं घेतली. खालचं आधी. आत्या वरच्या आळीची. पण बाकावर बसून ती मान हलवत राहिली, बरोबर आहे म्हणून. साहेब माझ्यासमोरून आत धावले, तोवर बातमी सांगून झाली होती.

थोड्या वेळाने फोन वाजला. साहेबांनी घाबरतच उचलला. पलीकडे वरच्या आळीचा कुणी गृहस्थ होता. पुढेमागेची त्याची काही तक्रार नव्हती. तो म्हणाला, "एवढंच त्या दिवशी सांगायचं होतंत," आणि त्याने फोन ठेवला.

ताईला नंतर पडद्यावर घेतलं नाही. ती आता आतल्या खोलीत इतरांच्या बातम्या तपासते. येताजाता माझ्यावरची छत्री काढून खुंटीला लावते, पण माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपली धूळ झटकायची विनंती करायची असते. माझी धूळ राहू द्या, तिची मला सवय झाली आहे. मागणं दुसरंच आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी बातम्या सांगेल, कुणी पाट्या रंगवेल, कुणी साहेब होईल. एखाद्या गावाचं नाव घेताना भांडणाची भीती वाटली, तर ते गिळून टाकू नका. तिथल्या माणसांना विचारा, तुम्ही काय म्हणता? दोन नावं सांगितली तर दोन्ही घ्या, दहा सांगितली तर दहाही घ्या. लोक रागावतील, फोन करतील, एखादी काचही फुटेल. फुटू द्या. काच परत बसवता येते.