उन्हात उघडणारी छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. लातूरच्या एका कारागिराने माझ्या काड्यांवर कापड ताणून शिवले आणि नायगावचे किराणा दुकानदार विरूपाक्ष यांनी मला पावसाळ्यासाठी विकत घेतले. पावसात काम आणि बाकी वर्षभर दुकानातल्या खिळ्यावर विश्रांती, असे माझे सुखाचे दिवस होते.

चाळिशीनंतर विरूपाक्षांच्या गालांवर आणि नाकावर लाली चढू लागली. गरम चहा घेतला किंवा ऊन लागले की चेहऱ्याची आग होई, बारीक पुटकुळ्या येत. गिऱ्हाइके एकमेकांकडे बघून हसत. "काय आप्पा, सकाळीच का?" असे कोणीतरी विचारी. खरे तर त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता.

सगळ्यात जास्त लागले ते आई उमाबाईंचे वागणे. त्यांचा नवरा दारूनेच गेला होता. एका सकाळी विरूपाक्षांनी गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतले.

"माय, ह्याची शपथ. मी पीत न्हाई."

"तुझा बापबी असंच म्हणायचा," उमाबाई म्हणाल्या आणि धाकट्या मुलाकडे, रामलिंगकडे, हदगावला निघाल्या. बाहेर भुरभुर पाऊस होता. विरूपाक्षांनी एसटी स्टँडपर्यंत मला आईच्या डोक्यावर धरले, स्वतः भिजत चालले.

मग कोणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम आले. त्याने काही दिवस चेहरा छान झाला, नंतर पहिल्यापेक्षा लाल. तरी ते तेच लावत राहिले. शेवटी लातूरला शिकणारी त्यांची मुलगी मंजुश्री त्यांना तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी त्यांच्या काखेत होते.

"याला रोसेशिया म्हणतात," बाई म्हणाल्या. "न पिणाऱ्यांनाही होतो. ते मलम सोडा. सोडल्यावर आधी लाली वाढेल, मग उतरेल. मुळापासून जाणार नाही, पण हे जेल लावलं, या गोळ्या घेतल्या, ऊन टाळलं, गरम-तिखट कमी केलं तर ताब्यात राहील."

विरूपाक्ष म्हणाले, "एवढं माझ्या मायला सांगता का?"

"घेऊन या त्यांना. मी समजावते."

त्या दिवसापासून मी भर उन्हात उघडू लागले. लोकांना त्याचेही हसू येई.

"पप्पा, आजीकडं जाऊ," मंजुश्री म्हणाली.

"चेहरा जरा निवू दे. असा घेऊन गेलो तर ती बघायचीबी न्हाई."

मलम सोडल्यामुळे चेहरा खरोखरच पेटला होता. ते थांबले. जेल आणि गोळ्यांनी लाली कुठे उतरू लागली होती, तोच हदगावहून रामलिंगचा फोन आला. माय गेली होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा लिंगायत रीतीप्रमाणे उमाबाईंच्या देहाला विभूती लावून, हार घालून भिंतीशी बसवले होते. उन्हाने आणि रडण्याने विरूपाक्षांचा चेहरा पुन्हा लालबुंद झाला होता. मागे कोणीतरी कुजबुजले, "आजबी पिऊनच आला."

विरूपाक्षांनी ते ऐकले. मला भुईवर ठेवून ते आईच्या कानाशी वाकले.

"माय, डॉक्टरीणबाई म्हणल्या, दारू न्हाई. रोग हाय. औषध चालू हाय."

आता त्यांचा चेहरा बराच निवळला आहे. माझे कापड विटले, एक काडी मोडली, तरी ते मलाच घेऊन बाहेर पडतात. मित्रांनो, कोणाचे तोंड लाल दिसले तर त्याच्यावर आळ घेऊ नका. स्वतःला असा त्रास झाला तर कोणीही सांगितलेले मलम फासू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आपल्या माणसाला काही सांगायचे असेल, तर चेहरा बरा होण्याची वाट पाहू नका. चेहरा होईल बरा. माणूस तोवर थांबेलच असे नाही.