न झिजलेले बूट

उस्तादला माणसाच्या तोंडाकडे बघायची फारशी सवय नव्हती. तीस वर्षं बूट दुरुस्त करून त्याची नजर कायम खाली. टाच बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर माणूस कसा चालतो, चवडा गुळगुळीत झाला असेल तर दिवसभर कुठे उभा राहतो, सगळं तो बूट उलटा करून सांगायचा. "माणूस थापा मारतो, सोल मारत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाजारात सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

मॅरेथॉन शर्यतीला आठ दिवस उरले होते तेव्हा त्याचा जिवलग मित्र, रंगारी, लंगडत दुकानात आला. पळायचे बूट फळीवर ठेवून म्हणाला, "कडेनं सुटायला लागलेत रे. जरा बघतोस?"

उस्तादने बूट उलटे केले आणि तो बघतच राहिला. दोन महिन्यांपूर्वी हे सोल त्यानेच लावले होते. ते जसेच्या तसे होते. खाचा धारदार, एक खडा अडकलेला नाही, धुळीचा कण नाही. आणि हा गृहस्थ दोन महिने सांगत होता की मी रोज पहाटे पळतो.

"सराव चाललाय ना?" उस्तादने विचारलं.

"चाललाय की. रोज दीड तास." असं म्हणून रंगारी भिंतीवरच्या दोऱ्यांच्या गुंडाळ्यांकडे बघायला लागला. उस्तादच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

गोष्ट साधी असती तर त्याने हसून सोडून दिली असती. पण रंगारी पाच महिन्यांपूर्वी रंगकाम करताना तिसऱ्या मजल्यावरच्या बांबूच्या परांचीवरून पडला होता. टाचेच्या हाडाला तडा गेला. जवळपास रुग्णवाहिका नाही, म्हणून त्याला रंगाच्या डब्यांमध्ये आडवा टाकून टेम्पोतून नेलं. प्लास्टर निघायच्या आधीच त्याने जाहीर केलं, की मी मॅरेथॉन पळणार आणि आपल्या भागाला रुग्णवाहिका आणणार. प्रत्येक किलोमीटरमागे लोकांनी देणगी द्यायची. लोक म्हणाले, लंगड्यावर कोण भरवसा ठेवणार? तेव्हा उस्ताद त्याच्याबरोबर दारोदार फिरला. "हा पळेल. माझा शब्द," असं त्याने औषधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता रंगारी मध्येच कुठे गल्लीत शिरून रिक्षात बसला, तर रंगाऱ्याचं काय जाणार? तोंड काळं होणार ते उस्तादचं.

त्यात दूधवाल्याने भर घातली. "तुमचा मित्र रोज उजाडताना तलावामागच्या बोळात दिसतो. तिकडून येतो तेव्हा डोळे लालभडक." तलाव म्हणजे पोहण्याचा, आणि त्याच बोळात एक दारूचं दुकानही होतं. उस्तादने गणित मांडलं आणि उत्तरही काढून टाकलं. असल्या उत्तरांना वेळ लागत नाही.

"अहो, मग सरळ विचारा ना त्याला," बायको म्हणाली.

"विचारलं. नजर चुकवतो."

"तुम्ही तरी कधी कुणाच्या डोळ्यांत बघून विचारता?"

उस्तादला राग आला. बायको बरोबर बोलली की त्याला नेहमीच यायचा.

दुसऱ्या दिवशी तो ते बूट घेऊन बसला. खरं तर सुटलेला सोल चिकटवायचा आणि मग कडेने मेणाच्या दोऱ्याने टाके घालायचे, ही त्याची पद्धत. एका बुटाला तासभर लागायचा. त्याने सोल चिकटवले, दाबून ठेवले आणि सुई हातात घेतली. मग परत त्या कोऱ्या सोलांकडे पाहिलं. पळणारच नाही त्याला टाके कशाला? सुई त्याने डब्यात टाकली. इतक्या वर्षांत अर्धवट काम त्याच्या हातून पहिल्यांदाच बाहेर गेलं.

रंगारी बूट न्यायला आला तेव्हा त्याने ते बघितलेसुद्धा नाहीत. पिशवीत टाकले. "तुझ्या हातचं आहे, बघायचं काय?" म्हणाला. उस्तादच्या काळजात जरा टोचलं. पण संशय एकदा घर करून बसला की टोचणीलाही जागा देत नाही.

शर्यतीचा रस्ता उस्तादच्या दुकानावरूनच जात होता, अठ्ठाविसाव्या किलोमीटरला. त्या दिवशी त्याने सकाळीच दुकान उघडलं आणि बाहेर स्टूल टाकून बसला. मित्रासाठी टाळ्या वाजवायला नव्हे, त्याला पकडायला. तेवढ्यात तलावाचा रखवालदार पाण्याची कळशी घेऊन आला आणि शेजारच्या पायरीवर टेकला.

"कुणासाठी?" उस्तादने विचारलं.

"रंगाऱ्यासाठी. आता सांगायला हरकत नाही, परवाच निवृत्त झालो." रखवालदार हसला. "डॉक्टरनं त्याला बजावलं होतं, शर्यतीच्या दिवसापर्यंत रस्त्यावर पळायचं नाही, टाच परत जाईल. मग रोज पहाटे मी मागचं दार उघडून द्यायचो. कमरेला हवा भरलेली ट्यूब, पायात ते बूट, आणि खोल पाण्यात दीड तास पळायचा. तळाला पाय टेकत नाही हो! जागच्या जागी! दुखायला लागलं की ओरडायचा, पण थांबायचा नाही. पाण्यातल्या औषधानं डोळे असे व्हायचे बिचाऱ्याचे. कुणाला सांगू नको म्हटलं होतं मीच, नोकरी गेली असती माझी. तुम्हालाही नाही सांगितलं ना? शब्दाचा पक्का आहे."

पाण्याने सुटलेली कड उस्तादच्या हातात आली होती. दुकानात आले तेव्हाच बूट त्याला ओरडून सांगत होते आणि हा उस्ताद फक्त झीज बघत बसला होता! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की रखवालदाराकडे बघवेना. तो आत धावला, सुई, दोरा, भोकं पाडायची आरी घेऊन बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.

रंगारी बऱ्याच वेळाने आला. चेहरा पांढरा पडलेला, ओठ दाताखाली, आणि उजव्या बुटाचा सोल प्रत्येक पावलाला फटफट वाजत होता. उस्तादला बघून तो हसला आणि स्टुलावर कोसळला.

"माझीच चूक रे," धापा टाकत तो म्हणाला. "बूट भिजवले मी. तुझं काम वाया घालवलं. मग सांगतो सगळं."

उस्तादने बूट काढून मांडीवर घेतला. घोटा सुजून टम्म झाला होता. किती सोपं होतं गप्प बसणं! पाण्यावर ढकललं की संपलं. रखवालदारानेही मान डोलावली असती.

"पाण्यानं नाही सुटला," उस्ताद म्हणाला. दोरा सुईत जाता जात नव्हता. "मी टाके घातलेच नव्हते. मला वाटलं, तू पळणारच नाहीस."

उस्तादने मान वर केली. मित्राच्या लाल डोळ्यांत त्याने सरळ पाहिलं, आणि तिथे जे दिसलं ते बघणं सोपं नव्हतं. रस्त्यावरून पळणारे पुढे जात राहिले.

मग रंगारी वाकला. डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि उस्तादच्या मांडीवर ठेवला.

"मग हाही शिव," तो म्हणाला. "चौदा किलोमीटर राहिलेत."