सात वारांच्या सात वाट्या

मी मिसळणाचा एक जुना स्टीलचा डबा आहे. चिंचपोकळीच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मिसळणाच्या डब्याची जागा शेगडीजवळ, हा देवापाशी काय करतो? तेच तर सांगायचं आहे.

कारखान्यात पत्रा कापून, दाबून मला घडवलं आणि पोटात सात छोट्या वाट्या बसवल्या. माझ्या मालकीण मालनताईंच्या आईनं लेकीच्या लग्नात मला लालबागच्या दुकानातून घेतलं. पुढे तीस वर्षं मी फोडणीची सेवा केली. मोहरी, हळद, जिरं, सगळं कसं काठोकाठ! शेजारच्या रमाबाई म्हणायच्या, "मालनचा डबा म्हणजे अन्नपूर्णेचा डबा. कधी रिकामा दिसायचा नाही." ते ऐकून माझं झाकण अभिमानानं आणखी घट्ट बसायचं.

मग घरात काचेच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. दोन वर्षं धूळ खाल्ली. पण देव कुणाला कायमचं अडगळीत ठेवत नाही.

मालनताईंचा मुलगा शिवा दिवसा एका छोट्या कारखान्यात पॅकिंगचं काम करी आणि संध्याकाळी चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवी. एका वर्षी त्याला मनाचा आजार झाला. कुणी नसताना भिंतीतून माणूस बोलतो, असं त्याला ऐकू येई. सगळे आपल्या वाइटावर आहेत, असं वाटे. मालनताईंनी अंगारा लावला, नवस बोलल्या, आणि शहाणपण करून त्याला हॉस्पिटलातही नेलं. डॉक्टर मेलानी यांनी गोळ्या दिल्या. "रोज एक, रात्रीच्या जेवणानंतर. आपल्या मनानं बंद करायची नाही," असं बजावलं.

भिंतीतला माणूस हळूहळू गप्प झाला. पण गोळी घेतली की राहिली, यावरून मायलेकांत रोज वाद होई. शेवटी मालनताईंनी मला माळ्यावरून काढलं, चिंचेनं घासलं, वाट्यांवर सात वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून, वेष्टनासकट एकेक तुकडा एकेका वाटीत ठेवला. चाळीतल्या पोरांचा हात पोचू नये म्हणून मला उंच फळीवर बसवलं. तिथून खालचं कीर्तन स्पष्ट ऐकू येतं. मला आणखी काय हवं!

सगळं छान चाललं होतं. फक्त शिवाचे हात थोडे कापत. पखवाजाचे बोल तुटले की तो वरमायचा, पण डॉक्टरांना काही सांगायचा नाही.

अशात चाळीचा हरिनाम सप्ताह आला. शिवानं सात दिवस उपास धरला.

"आई, गोळी कशी घेणार? जेवणानंतर घ्या म्हणालेत. आपलं तर जेवणच नाही."

मालनताई विचारात पडल्या. "खरंच की रे झिला. सात दिवसांचाच तर प्रश्न. विठ्ठल सांभाळील."

सोमवारची वाटी भरलेली राहिली. मंगळवारचीही. बुधवारी शिवानं हात पुढे केले. "आई, बघ! कापायचे थांबले!" मालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री बुधवारची वाटीही तशीच राहिली. त्या घरात एकटा मीच अस्वस्थ होतो. जन्मभर भरल्या वाट्यांचा मला तोरा, पण त्या तीन भरल्या वाट्या पहिल्यांदाच टोचत होत्या. आणि डब्याला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

गुरुवारी सकाळी शिवा लाल डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसला होता. दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आई, काल पखवाज वाजवताना तो परत बोलला. म्हणाला, सगळे तुला हसतायत."

"कोण हसतंय? अरे, मी समोरच बसलेले!"

"तुला नाय कळणार."

मालनताई चटकन उठल्या. माझं झाकण उघडलं आणि न घेतलेल्या तीन वारांच्या वाट्या बोटानं मोजल्या.

"तिन्ही आत्ताच घेतो," शिवा म्हणाला. "भरपाई होईल."

"हात लावू नको!" त्यांनी मला छातीशी धरलं. "आपल्या अकलेनं एवढं झालं तेवढं पुरे."

मला पिशवीत घालून त्यांनी शिवाला घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं. "अजून हिंगाचा वास येतो की याला! मालनताई, डब्याला पैकीच्या पैकी मार्क. तुम्हाला मात्र नापास करते."

"करा हो. पण माझ्या पोराला सांभाळा."

"सांभाळू. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, कधीच नाहीत. आज कशी सुरू करायची, ते लिहून देते. पण शिवा, खरं सांग, नुसत्या उपासासाठीच सोडलीस?"

शिवानं मान खाली घातली. "हात कापतात, डॉक्टर. पखवाजवाल्यानं काय करायचं? तुम्ही ओरडाल म्हणून बोललो नाही."

"न सांगितल्याबद्दल ओरडेन. हात कापणं हा गोळीचा परिणाम असू शकतो. त्यावर उपाय असतो. प्रमाण बदलू, नाहीतर गोळी बदलू. पण ते तू आणि मी मिळून ठरवायचं. आणि जेवणानंतर म्हणजे पोटात काहीतरी हवं. साबुदाण्याची खिचडी चालते ना देवाला?"

"त्याला आवडते," मालनताई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शिवा हसला.

परतताना मालनताई मंडपात थांबल्या. कीर्तनकार अनुजाताईंना त्यांनी भीतभीत विचारलं, "ताई, सप्ताहात गोळी घेतली तर व्रत मोडेल का?"

"अगं वेडे, उपास पोटाला सांगितलाय, औषधाला नाही. नाम काय नि गोळी काय, रोज घ्यावी तेव्हाच गुण येतो."

उरलेले दिवस भजनी मंडळातल्या विनीतनं पखवाज धरला. शिवाला वाईट वाटलं, पण तो वेळेवर झोपला, वेळेवर गोळी घेत राहिला. काल्याच्या कीर्तनात तो टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा होता. भिंतीतला माणूस लगेच गेला नाही. काही आठवडे लागले. डॉक्टरांनी प्रमाण बदललं, मधून मधून रक्त तपासलं. हातांचा कंप पुरता गेला नाही, पण पखवाजाला अडवण्याइतका राहिला नाही. गेल्या एकादशीला मी फळीवरून त्याचे बोल ऐकले. विनीत ओरडला, "काय रे शिवा, सुट्टी संपली वाटतं!"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाची अशी रोजची गोळी असेल, तर तिला हसू नका, तिच्याशी खेळू नका, आणि बरं वाटतंय म्हणून ती कुणाला टाकू देऊ नका. काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगायला लावा.

आता रोज आरती झाली, जेवणं झाली की मालनताई वार वाचतात, शिवा गोळी घेतो आणि रिकामं वेष्टन त्यांना दाखवतो. तीस वर्षं भरलेल्या वाट्यांनी मी मिरवलो. आता दर रात्री माझी एक वाटी रिकामी होते, आणि माझं पोट भरतं.