कॉम्प्युटर कोपला म्हणे!

"मी एवढंच म्हणतो बाई, की तुमच्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही," मुख्याध्यापक रंगनाथ सर म्हणाले आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

एवढंच! भर स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत एखादीच्या तोंडाला काळं फासायचं आणि वर म्हणायचं, एवढंच!

सत्यशीला दाराशी उभी होती. पाथर्डी तालुक्यातल्या त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी ती एकटी, तीही तासिकेवर, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांची मर्जी असेतोवर. कॉम्प्युटरही एकच. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन शाळेत देणगी म्हणून आलेला. दसऱ्याची सुट्टी संपल्यापासून त्याला नवंच खूळ लागलं होतं. जरा वेळ नीट चालायचा, मग पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजायची. कळा दाबा नाहीतर हात जोडा, ढिम्म!

"आणि खरं सांगू का," सरांनी आवाज मुद्दाम खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच. "खंडेनवमीला सगळ्या शाळेनं यंत्राची पूजा केली. तुम्ही तेवढ्या नव्हता. अध्यक्ष म्हणाले, श्रद्धा नसलेल्याच्या हाती यंत्र कोपतं."

कुणीतरी खुदकन हसलं. सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नव्हती, कारण घरची सगळी मंडळी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला निघाली होती. तिनं रीतसर रजा टाकली होती आणि त्या रजेवर याच सरांची सही होती!

"सर, मशीनला श्रद्धा कळत नाही. गार आणि गरम कळतं."

"मग आज दुरुस्त करून दाखवा. नाहीतर उद्यापासून अध्यक्षांचा पुतण्या तास घेईल. आणि मशीन तुमच्या हातून बिघडलं, असं मला संस्थेला कळवावं लागेल."

तास गेला तर गेला. मिळेल दुसरीकडे. पण 'हिच्या हातून बिघडलं' हा शिक्का कपाळावर घेऊन तालुक्यातल्या कुठल्या शाळेच्या दारात उभं राहायचं? सत्यशीला तरातरा कॉम्प्युटरच्या खोलीत गेली आणि तिनं स्क्रू काढायला घेतले.

खोली झाडायला आलेली भागूबाई शिपाई झाडू हातात धरून लांबच थबकली. "मॅडम, लाइटीचा खेळ हाय. झटका बसंल."

"प्लग काढलाय मावशी. मला सांगा, गार असला की हा चालतो. मग अडकतो. बंद करून थोडं थांबलं की पुन्हा चालतो. म्हणजे काय?"

"म्हंजी काय?"

"तापतोय! याचा मेंदू तापतोय. आणि ताप डोक्यात गेला की विचार बंद."

"आमच्या मालकाचा तर बिनतापाचाच बंद हाय," भागूबाई म्हणाली. एवढ्या रागातही सत्यशीलाला हसू फुटलं.

डब्याच्या मागच्या पंख्यापुढं तिनं सकाळीच कागदाची पट्टी धरून पाहिली होती. ती फडफडली होती, म्हणजे तो पंखा ठीक होता. आता झाकण बाजूला ठेवून तिनं प्लग लावला आणि मशीन सुरू केलं. आत, मेंदूच्या चिपवर आणखी एक चिमुकला पंखा होता. तो हलेचना. त्याच्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना तिनं बोट टेकवलं मात्र, चटका बसला! तिनं झटकन मशीन बंद केलं, प्लग काढला, थोडं निवू दिलं आणि केसातली पिन पंख्यात घातली.

तांदळाचा एक दाणा बाहेर आला. लालभडक. त्याच्यामागून आणखी दोन. मग झेंडूची वाळकी पाकळी, आणि सगळ्यांना धरून बसलेला कुंकवाचा चिखल.

"आगं बया!" भागूबाईनं झाडू खाली टाकला. "ह्या तर त्या दिसाच्या अक्षदा!"

"आत कशा गेल्या?"

"आध्यक्ष बोललं ना, वरनं कुकू लावनं म्हंजी कापडावरनं आंगूळ! झाकन काढा, मेंदूची पूजा करा! मंग सरांनी सोताच्या हातानं खोललं आन् मूठभर अक्षदा वतल्या. लई टाळ्या पडल्या. फोटूबी काढला."

"आणि मावशी, तुम्ही इतके दिवस गप्प?"

"मला कोन इचारतंय? आन् तांदळानं मशीन मरतंय ह्ये मला काय ठावं!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! सत्यशीलानं चित्रकलेच्या तासाचा ब्रश आणून एकेक पातं साफ केलं. पंखा भुर्रकन फिरला. मधली सुट्टी सुरू झाली, संपली, तरी कॉम्प्युटर अडकला नाही.

मग ते दाणे कागदावर घेऊन ती सरांच्या केबिनमध्ये गेली. मागोमाग भागूबाई. सत्यशीलानं कागद सरांच्या पुढ्यात उघडला. सरांनी पाहिलं. कान लाल झाले, पण जीभ काही अडखळली नाही.

"चला, सुरू झालं ना? देवाची कृपा! भागूबाई, या अक्षता अलगद तुळशीत टाका. पायदळी येता कामा नयेत हं, पाप लागेल."

दाण्यांची केवढी ती काळजी! भागूबाई ओंजळीत कागद धरून निघाली. सरांनी पेपर उघडला.

"सर, मशीन कुणामुळे बिघडलं?"

"आता कशाला तो विषय? झालं गेलं."

"तुम्ही स्टाफरूममध्ये माझं नाव घेतलंत, सगळ्यांसमोर. आता तिथंच, सगळ्यांसमोर सांगा, बाईंच्या हातून बिघडलं नाही म्हणून."

"बाई, अध्यक्षांचा मान असतो. जरा समजून घ्या. जा, तास असेल तुमचा."

सत्यशीलानं समोरची खुर्ची मागं ओढली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. ती बसली आणि हात मांडीवर ठेवले.

तासाची घंटा झाली. सरांनी पेपर आणखी वर धरला. खिडकीबाहेर भागूबाई वाकून तुळशीच्या मातीत दाणा दाणा ठेवत होती.

सत्यशीला उठली नाही.