शाळेच्या अंगणात वळणारी गाडी

चाकाखाली ठेवलेली लिंबं. पायरीवर विसरलेली गुलाबी रिबीन. रिकाम्या वर्गात टांगलेला नकाशा. लांबलचक हॉर्न.

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी शाळेची गाडी आहे. मेढ्याजवळच्या एका वाडीत राहते. फौजेतून निवृत्त झालेल्या आकारामदादांनी मला आणलं, तेव्हा वाडीनं ढोल वाजवला. आता आपली पोरं साताऱ्याला इंग्रजीत शिकणार, म्हणून म्हाताऱ्यांनी माझ्यावरून हात फिरवला. मीही फुगले.

वाडीत मला वळायला जागा एकच, जिल्हा परिषदेच्या शाळेचं अंगण. रोज सकाळी मी तिथंच उभी राहून हॉर्न द्यायचे. त्याच शाळेतली पोरं तिच्याच पायरीवर बसून नवे बूट घालायची आणि माझ्यात चढायची. दरसाल माझ्यात दाटी वाढली, वर्गात कमी झाली. उरली ती मजुरांची पोरं, ज्यांना माझं भाडं परवडत नव्हतं. मला ते दिसत होतं. पण मी वेळेवर निघायचे आणि त्याचंच कौतुक व्हायचं.

यंदा त्या शाळेच्या शिक्षिका संयोगिताबाई माझ्या दाराशी आल्या.

"आकारामदादा, पटावर पोरं उरली नाहीत. जूनमध्ये शाळेला कुलूप लागणार."

"मग वड्यापल्याडच्या शाळंत जातील की."

"पावसात ओढा कोण ओलांडणार? तुम्ही?"

मागं मजुरीला निघालेल्या लीलाबाई उभ्या होत्या. त्यांची मुलगी पूजा याच शाळेत तिसरीत. "माजी पूजी घरीच बसंल मग," त्या म्हणाल्या. "शेरडं हायतच राखायला."

दादांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "बाई, माजी नात परत हितं घातली, तर ह्या गाडीचं काय करू?"

"कोंबड्या कोंडा."

दादा हसले आणि मधेच थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला, राजेश्वरीला, माझ्यात बसवलंच नाही. तिचा हात धरून शाळेची पायरी चढले. मग दारोदार फिरले. "आवं फौजी, तुमीच न्हेली पोरं, आन् आता तुमीच माघारी मागताय व्हय?" हेही ऐकून घेतलं. दोन घरं तयार झाली. तेवढ्यानं कुलूप टळेल का, मला ठाऊक नाही. आताशा मी हॉर्न न देताच वळते.

मित्रांनो, माझ्यात जरूर बसा. पण बसल्यावर एकदा मागच्या काचेतून बघा, पायरीवर कोण उरलंय.

मी वाडीत आले त्या दिवशी माझ्या चाकाखालची लिंबं लीलाबाईंच्या परसातली होती.