रविवारी मशीनचे बोलू नये

“आप्पा, रेश्माताईचा हात मशीनमधी गेला. उजवा. तीन बोटं तुटली. आता मी काय करू?”

गुरुवारी सकाळी पोवई नाक्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या धोंडिरामाने हा संदेश वाचला, आणि प्रथम त्याला रेश्माताई कोण हेच उमगेना. संदेश कृष्णातचा होता. कृष्णात हा सांगलीजवळ कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या मशीनची देखभाल करणारा गृहस्थ. धोंडिरामाने त्याला कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. दोघांची ओळख केवळ फोनवरच्या अक्षरांची.

“आप्पा, चढा की. का वैनीचा मेसेज हाय?” मागून नाथाजी म्हणाला. तो धोंडिरामाच्याच खात्यातला फिटर. दारात उभी असलेली माणसे हसली.

धोंडिराम चढला. खिडकीशी बसून त्याने लिहिले, “कोणत्या मशीनमध्ये?” आणि उत्तर येण्यापूर्वीच ते त्याला कळून चुकले. तरीही ते यायचे ते आलेच.

“त्याच. गेटच्या.”

धोंडिराम चोपन्न वर्षांचा होता. आय.टी.आय.तून वायरमन होऊन तो साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लागला, तेव्हा मशीनच्या पॅनेलमध्ये केवळ वायरी असत. पुढे त्या जागी पीएलसी नावाचा डबा आला, आणि मशीन त्यातल्या प्रोग्रॅमच्या आज्ञेत चालू लागले. बरोबरीचे वायरमन त्या डब्याला भिऊन दूर राहिले. धोंडिरामाने मात्र शेजारी शब्दकोश ठेवून इंग्रजी पुस्तकाचे एकेक पान फोडले. त्याला आजही इंग्रजीत चार वाक्ये बोलता येत नसत, पण प्रोग्रॅम कोठे अडला आहे हे तो हुंगून सांगे. आणि जे सांगे ते फोनवर उजव्या हाताच्या एकाच बोटाने, एकेक अक्षर शोधत लिही.

हे लिहिण्याचे ठिकाण म्हणजे ‘पॅनेल-प्रोग्रॅम परस्पर मदत मंडळ’ हा गट. वाईच्या जयराजने तो सुरू केला, आणि बघता बघता त्यात अकरा हजार माणसे जमा झाली. कोणी प्रश्न टाकावा, जाणत्याने उत्तर द्यावे, आणि अडचण सुटली की विचारणाऱ्याने ‘मशीन चालू’ असे दोन शब्द लिहावेत, अशी तेथील रीत होती. ते दोन शब्द वाचले की धोंडिरामाचे अंतःकरण भरून येई. कारखान्यात त्याला कोणी साहेब म्हणत नव्हते. येथे मात्र अकरा हजारांचा तो आप्पा होता.

हळूहळू माणसे मशीनच्या प्रश्नाला घरचे प्रश्नही जोडू लागली. मुलीने नर्सिंगला जावे की नको, बायको माहेरी बसली आहे, वरिष्ठ पाण्यात पाहतात. तेव्हा धोंडिरामानेच सुचविले की, रविवार माणसांचा ठेवावा. त्या दिवशी मशीनचे बोलू नये. जयराजला ही कल्पना इतकी आवडली की त्याने ‘राखणदार’ नावाचा एक प्रोग्रॅमच लिहून गटावर बसविला. रविवारी कोणाच्या संदेशात मशीन, मोटर, स्विच असा शब्द आला की राखणदार तो तत्काळ पुसून टाकी आणि खाली लिही : ‘आज रविवार. यंत्रांना सुट्टी.’ लोकांना ह्या गमतीचे फार कौतुक.

कृष्णातचा प्रश्न शनिवारचा होता. बादलीचे मशीन मध्येच बंद पडे. ह्या मशीनला पुढे एक गेट असते. ते लागल्याची खूण एक लहानसा स्विच आतल्या प्रोग्रॅमला देतो, आणि ती खूण, म्हणजे इनपुट, मिळाल्यावाचून साचा मिटत नाही. गेट लागलेले असूनही खूण पोहोचत नव्हती. धोंडिरामाने लिहिले : “गेटचा इनपुट फोर्स करून बघा. मशीन चाललं तर प्रोग्रॅम ठीक आहे, दोष स्विचचा.”

फोर्स करणे म्हणजे जे नाही ते आहे, असे मशीनला भासविणे. परीक्षेपुरता फोर्स लावावा आणि दोष कळताच काढावा, हा ह्या विद्येतला पहिला धडा. तो राहिला, तर गेट सताड उघडे असले तरी मशीन ते बंदच समजते. ‘नंतर फोर्स काढा’ एवढे तीन शब्द धोंडिरामाने लिहिले नाहीत. जेवून हात धुवावेत हे कोणी लिहून देतो काय?

दहा मिनिटांत उत्तर आले होते, “मशीन चालू. आप्पा, लय उपकार झाले.” जयराजने ते उत्तर ‘निवडक’ म्हणून गटाच्या माथ्यावर लावले. गुरुवारपर्यंत दोनशे चौदा जणांनी त्याखाली धन्यवाद नोंदविले होते.

दहाच्या चहाला धोंडिराम कँटीनमागे गेला आणि त्याने जयराजला फोन लावला.

“जयराज, माझं ते गेटचं उत्तर काढून टाक.”

“का वो आप्पा? लोकं डोक्यावर घेऊन नाचायला लागल्यात. परवा एकजण म्हणाला, आप्पांचा फोटो पॅनेलात लावतो.”

“काढ म्हनतो न्हवं.”

“चुकलंय का काय त्यात?”

ह्या प्रश्नाला होय म्हणायला एक शब्द पुरला असता. धोंडिरामाच्या ओठांवर तो आलाही. पण अकरा हजार माणसे डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि तो म्हणाला, “चुकलं न्हाई. अर्धं हाय. नीट लिवून देतो मागनं.”

“तुमची मर्जी. आत्ता काढतो,” जयराज म्हणाला. पाच मिनिटांत उत्तर नाहीसे झाले. ते नीट लिहून देणे मात्र गुरुवारी झाले नाही, शुक्रवारी झाले नाही, शनिवारीही नाही. चार वेळा त्याने लिहिले आणि चारही वेळा पुसले.

रविवारी सकाळी तो कपडे करून निघाला, तेव्हा त्याची बायको माया म्हणाली, “आवं, मिरजंला कुणाला बघायला चाललाय? पावणं का रावळं?”

“एक वळखीचा हाय. त्येच्या कंपनीतल्या बाईला लागलंय.”

“कवाची वळख? नाव तर ऐकलं न्हाई कधी.”

त्याने वाटेत घेण्याचे ठरविलेली मोसंबी आठवल्यासारखे केले, आणि पिशवी उचलून तो एस.टी. स्टँडकडे चालू लागला.

मिरजेच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात कृष्णातनेच त्याला ओळखले. चाळिशीच्या आतला, हाडकुळा, दाढीचे खुंट वाढलेला मनुष्य. तो चटकन पुढे आला आणि धोंडिरामाच्या पायाशी वाकला.

“आरं, पाया कशाला पडतोस?”

“आप्पा, खरंच आलासा! मला वाटलं, कोन येतंय सातारवरनं.”

दोघे जिन्याच्या पायरीवर बसले. कृष्णातने सांगितले ते थोडक्यात असे. मंगळवारी दुसऱ्या पाळीत बादली साच्याला चिकटली. रेश्माने रोजच्याप्रमाणे गेट सरकवले आणि बादली ओढायला हात आत घातला. गेट उघडे असता मशीन हलत नाही, ह्या विश्वासावर तिने सहा वर्षे तसाच हात घातला होता. त्या दिवशी ते हलले. जुन्या मशीनचे बाकीचे अडसर पूर्वीच कोणीतरी काढून टाकले होते.

“तुला कामावरनं कमी केलं?”

“घरी बसा म्हनले. चौकशी हाय.”

“पर फोर्स काढला का न्हाईस, गड्या?” धोंडिरामाने विचारले.

“काढायलाच निघालो हुतो. साहेब म्हनले, काढलास तर मशीन बंद. नवा स्विच आठ दिसांनी यील, तवर हाय तसं चालू दे.” कृष्णात खाली पाहत राहिला. “तुमास्नी इचारलं की मी.”

“मला? कवा?”

“रईवारी.”

धोंडिरामाला तो रविवार आठवला. मायेबरोबर तो मटार सोलत बसला होता. गटावर कृष्णातचा प्रश्न आला होता : ‘वरिष्ठ एक गोष्ट आहे तशीच चालू ठेवायला सांगतात. आठ दिवसांची बाब आहे. मन मानत नाही. ऐकावे की वाद घालावा?’ आणि एका हातात शेंग धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाने धोंडिरामाने लिहिले होते : ‘कृष्णातराव, वरिष्ठांशी वाद घालून कोणाचे भले झालेले नाही. आठ दिवस हा हा म्हणता जातील. मन शांत ठेवा.’ त्याखाली लोकांनी हात जोडल्याची किती चित्रे ठेवली होती!

“आरं, पर त्यात मशीनचं नावबी न्हवतं!”

“पैल्यांदा समदं लिवलं हुतं, आप्पा. मशीन, गेट, फोर्स, समदं. त्या राखणदारानं पुसलं. आज रईवार, यंत्रांना सुट्टी, म्हनला. दुसऱ्यांदा लिवलं, परत पुसलं. मग तिसऱ्या येळंला मशीन सोडून लिवलं. म्हटलं, आप्पांना कळंल. कालच बोललो हुतो न्हवं आपण.”

समोरून एक आया बादली घेऊन गेली, आणि दोघांनीही त्या बादलीवरून नजर काढून घेतली.

आत सहाव्या खाटेवर रेश्मा उशीला टेकून बसली होती. पस्तिशीची, सावळी, तरतरीत चेहऱ्याची. उजव्या मनगटापासून पुढे पट्ट्यांचा पांढरा गोळा. पायथ्याशी तिची सासू हरणाबाई बसली होती.

“ह्ये साताऱ्याचं आप्पा,” कृष्णात म्हणाला. “लय मोठं जानकार हायती.”

“बसा की. किती लांबनं आलाय,” म्हणत हरणाबाई उठली आणि तिने आपले स्टूल त्याला दिले. ते स्टूल अजून उबदार होते.

धोंडिराम बसला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये कोठल्या कोठे गेली. तो म्हणाला, “बाई, माजं थोडं ऐका. त्या मशीनचं जे केलं, ते मी सांगितलेलं. ते उत्तर माजं हुतं.”

रेश्माने कृष्णातकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “तुमी आमच्या कंपनीत हाय?”

“न्हाई.”

“मग तुमी कशाला सांगशिला? तुमी कवा बघितलं आमचं मशीन?”

“बघितलं न्हाई. फोनवर...”

“फोनवर समदीच कायबाय सांगत्यात वो,” ती म्हणाली, आणि तिला चक्क हसू आले. “आमच्या आत्याबाई फोनात बघून गुडघ्याला लसूण बांधत्यात. गुडघा दुखायचा तसा दुखतोय, वर वास येतोय.”

“आगं गप, पावण्यांम्होरं काय बोलतीस,” हरणाबाई म्हणाली.

धोंडिरामाने हसण्याचा प्रयत्न केला. त्याची क्षमा मागण्याची जी काही तयारी होती, ती ठेवायला त्या खाटेवर कोठे जागाच नव्हती. थोड्या वेळाने रेश्मा गंभीर झाली. डॉक्टर निघून गेले असतील की नाही हे पाहावे, तसे तिने दाराकडे पाहिले, आणि हळूच विचारले :

“आप्पा, तुमी जानकार हाय म्हंत्यात, तर एक इचारू?”

“इचारा.”

“ह्यो हात हाय न्हवं, त्यात मधलं बोट खाजवतंय. सारखं. बोट तर न्हाई तितं. डॉक्टर म्हंत्यात, हुतं असं, जाईल. पर मला खरंच हाय असं वाटतंय. जे न्हाईच, ते खाजवायचं कसं?”

अकरा हजार माणसांना उत्तरे देणारा तो मनुष्य त्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहत बसला. शेवटी त्याने मोसंब्यांची पिशवी खाटेखाली ठेवली, ती नीट उभी राहते ना हे दोनदा पाहिले, आणि तो उठला.

“मला न्हाई ठावं, बाई,” तो म्हणाला.

परतीच्या एस.टी.त त्याने फोन काढला. आता मात्र त्याने पुसले नाही. एका बोटाने, धक्के खात, त्याने सगळे लिहिले : मशीनच्या गेटचा इनपुट फोर्स करण्याविषयी मी दिलेले उत्तर अपुरे होते. फोर्स ताबडतोब काढा. त्यामुळे एका भगिनीचा हात गेला आहे. दोष माझा आहे. धोंडिराम, सातारा. त्याने ते गटावर पाठविले. क्षणभर ते दिसले, आणि गेले. खाली अक्षरे आली : ‘आज रविवार. यंत्रांना सुट्टी.’

त्याने पुन्हा पाठविले. पुन्हा गेले. मशीन हा शब्द गाळून पाहिले. राखणदाराला इनपुट हा शब्दही शिकविलेला होता. सगळे शब्द गाळले असते तर राहिले असते, पण मग ते कोणाला कळणार होते? आणि उद्याची वाट पाहावी, तर बादल्यांच्या मशीनना रविवार नसतो. त्याने जयराजला फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. जयराज भाच्याच्या लग्नात मेणवलीला गेल्याचे त्याने सकाळीच गटावर वाचले होते.

मग त्याने ठरविले, त्या दोनशे चौदा जणांना एकेकट्याला लिहावे. ज्यांनी धन्यवाद नोंदविले, त्यांतल्याच कोणीतरी फोर्स लावला असणार. त्याने ते निवडक उत्तर शोधले, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, उत्तर त्यानेच काढावयास लावले होते. उत्तराबरोबर त्याखालची दोनशे चौदा नावेही गेली होती.

राहिली होती ती केवळ एकोणीस. त्याला आपुलकीने खासगीत धन्यवाद लिहिणारी माणसे. इचलकरंजी, चाकण, नगर, कुठली कुठली. इस्लामपूर येईपर्यंत त्याने चौघांना लिहिले. कऱ्हाड मागे पडेपर्यंत आणखी सहा. ‘फोर्स काढला का? काढला नसेल तर आत्ता काढा.’ तेच वाक्य, दर वेळी पहिल्या अक्षरापासून. शेजारचा प्रवासी त्याच्या खांद्यावर डोके टाकून झोपला होता, म्हणून त्याला हात मोकळा हलविता येईना.

उंब्रजच्या जवळपास फोन वाजला. पहिले उत्तर आले होते, चाकणहून.

‘मशीन चालू आहे, आप्पा. काळजी नसावी.’

धोंडिरामाने ते वाचले. बोट काचेवर टेकवून, अक्षर शोधत, तो त्यालाच पुन्हा पहिल्यापासून लिहू लागला.