गाळलेली अकरा सेकंदं

नाशिकमधल्या एका केबल वाहिनीत स्नेहल देवरेने सोळा वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं तर सगळा कारभार तिच्याच हातात होता. कुठली बातमी लागली की माणूस जेवताना घास हातात धरून बसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मालकाने वाहिनी बंद केली आणि पंधरा दिवसांतच माजी नगरसेवक भिमाजी अण्णा तिच्या घरी येऊन बसले.

"ताई, आमदार व्हायचंय," ते म्हणाले. "भाषण मला जमत नाही. राग मात्र लय येतो."

"राग चालेल," स्नेहल म्हणाली. "तो कुणावर काढायचा, तेवढं मी ठरवीन."

तिने 'जाब दरबार' सुरू केला. दर सोमवारी अण्णा एखाद्या सरकारी कचेरीत शिरायचे, टेबलामागच्या माणसाला उभं करायचे आणि गोरगरिबांच्या वतीने जाब विचारायचे. मोबाईलवर ते थेट दिसायचं. चार महिन्यांत अण्णांना लोक रस्त्यात थांबवून हात जोडू लागले. स्नेहलला वाटायचं, ह्यात खोटं काय आहे? लोक खरंच हेलपाटे घालून थकलेत. आधी अण्णा निवडून येऊ देत, मग नीट कामाला लागू.

मग नांदगावकडच्या एका गावातला सोमवार आला. कोंडाजी नावाच्या म्हाताऱ्याची तक्रार होती, की तलाठीण सहा महिन्यांपासून त्याच्या जमिनीची नोंद करत नाही. अण्णांनी त्या तलाठणीला, वेदिकाला, चांगलंच फैलावर घेतलं. पोरगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नोकरीला दोन वर्षंही झालेली नव्हती. तिने फाईल उघडून दाखवली. "साहेब, ह्यांच्या बहिणीची, लंकाबाईंची, लेखी हरकत आहे. त्यांचं नाव त्यांना न विचारता काढायला सांगताहेत. हे माझ्या हातात नाही."

नेमकं त्या दिवशी तिथे नेटवर्क नव्हतं, म्हणून चित्रीकरण संध्याकाळी टाकायचं ठरलं. ते कापायला बसली तेव्हा स्नेहलने कागदावरचा लंकाबाईचा अंगठा स्पष्ट पाहिला. वेदिकाचं बोलणं अकरा सेकंदांचं होतं. ते ठेवलं तर अण्णा बावळट दिसत होते. तिने ते काढून टाकलं. राहिली ती खाली मान घातलेली तलाठीण आणि डोळे पुसणारा म्हातारा. दोन दिवसांत ते नऊ लाख लोकांनी पाहिलं, आठवड्याच्या आत वेदिका निलंबित झाली आणि पुढच्या निवडणुकीत अण्णा दणक्यात निवडून आले.

गुलाल खाली बसल्यावर स्नेहल कामाला लागली. दरबारात आलेल्या तीन हजार तक्रारी तिने गावनिहाय लावल्या आणि कुठल्या कुणाकडे अडल्यात ते शोधून काढलं. तो गठ्ठा घेऊन ती अण्णांकडे गेली. त्यांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं.

"छान केलंय," ते म्हणाले. "पण ह्या सोमवारी कुठं जायचं?"

"अण्णा, आता तुम्ही आमदार आहात. दरबार कशाला? अधिकाऱ्यांना बोलवा, बैठक लावा."

"बैठक कोण बघतं, ताई? हे तुम्हीच मला शिकवलंत."

तिने तीनदा बैठक ठरवली. तिन्ही वेळा ऐनवेळी अण्णांना दुसरीकडे जायचं निघालं. गठ्ठा कपाटावर जाऊन पडला. कपाट उघडताना तो दिसला की तिचं डोकं भणभणायचं.

अशात वेदिकाचा फोन आला. तिच्या निलंबनाची चौकशी लागली होती. "मला पूर्ण चित्रीकरण हवंय," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता.

स्नेहल तिला भेटायला गेली. "मी तुझी मुलाखत घेते. तुझी बाजू सगळ्यांना दाखवू."

"तुमच्या कॅमेऱ्यापुढे मी परत उभी राहणार नाही. चौकशीत लेखी द्या. काय कापलं, कुणी कापलं, सगळं."

स्नेहलने लिहून दिलं. त्यात स्वतःचं नाव घातलं. पूर्ण चित्रीकरणही तिने समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर टाकलं. ते चारशे लोकांनी पाहिलं. खाली बहुतेकांनी एकच लिहिलं होतं, ताई विकल्या गेल्या. अण्णा तिच्यावर रागावलेसुद्धा नाहीत. "तब्येत सांभाळा," एवढंच म्हणाले आणि पुढच्या सोमवारपासून तिच्या जागी पुण्याहून आणलेला एक जण उभा राहिला. दरबार अधिकच रंगू लागला.

चौकशीची तारीख दोनदा पुढे गेली. चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्याने तिला ओळखलं. "ताई, अण्णांना सांगा ना, इकडं एकदा या म्हणावं. लय हेलपाटे झाले." तिने त्याचे कागद पाहिले. एक उतारा कमी होता, आणि ते त्याला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं. तो म्हणाला, "बरं. पण अण्णा येतील का?" ती उठून कचेरीच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या तारखेला स्नेहलचा जबाब झाला. वर्षभराने वेदिकाला नोकरीवर परत घेतलं, पण बदली झाली ती थेट जिल्ह्याच्या टोकाला, सुरगाण्याच्या बाजूला. लंकाबाईची हरकत अजून तशीच पडून होती.

स्नेहलने फोन केला. "कसं चाललंय?"

"तुमच्या जबाबाचा उपयोग झाला," वेदिका म्हणाली. "इथं पहिल्याच आठवड्यात एकाने टेबलावर कागद ठेवला आणि मोबाईल तोंडापुढे धरला."

"मग तू काय केलंस?"

"सही केली."

"कागद बरोबर होता ना?"

"वाचला नाही," वेदिका म्हणाली, आणि बाहेर लोक थांबलेत असं सांगून तिने फोन ठेवला.